हरकत घेणाऱ्याची भाषा

पुणे महानगरपालिकेच्या कागदपत्रांत, आणि त्यामुळे वर्तमानपत्रांतही, 'समाविष्ट गावे' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. १९९७ मध्ये ३८ गावे शहराच्या हद्दीत घेण्यात आली. २००१ मध्ये त्यांपैकी १५ पूर्णपणे आणि ५ अंशतः वगळण्यात आली, उरली २३. ऑक्टोबर २०१७ मध्ये आणखी ११ गावे आली आणि ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने पुन्हा २३. (दोन्ही खेपांना आकडा तोच असल्यामुळे बातमी वाचताना ही कोणती तेवीस, हे दर वेळी ताडून पाहावे लागते.) पहिल्या खेपेची गावे शहरात येऊन पाव शतक उलटून गेले. त्या वर्षी तिथे जन्मलेली मुले पदव्या घेऊन नोकरीला लागली. तरी बोलण्यात आणि फायलीत ती गावे अजून 'समाविष्ट'च आहेत. एकदा घडून संपलेल्या क्रियेचे विशेषण एखाद्या वस्तीला कायमचे चिकटावे, याचे मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून फार दिवस नवल वाटत आले आहे.

शब्दाच्या पोटात शिरून पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. 'सम् + आ + विश्' म्हणजे आत शिरणे. व्याकरणाच्या हिशेबाने गाव शहरात शिरले. प्रत्यक्षात काय घडले हे कात्रज, आंबेगाव किंवा धायरीच्या रस्त्याने वीस वर्षे जा-ये केलेल्या कोणालाही विचारावे. कर्ता आणि कर्म यांची ही अदलाबदल कोणी कट करून केली, असे मी म्हणत नाही. राजभाषेला अशा अदलाबदली आपोआप साधतात.

मी स्वतः अशाच एका गावात राहते. राहते म्हणजे एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहते, आणि ती इमारत ज्या शेतात उभी आहे त्याला आसपासचे म्हातारे अजून 'पाटाखालचं' म्हणतात. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते गावकऱ्याच्या भूमिकेतून नाही. शहराने गावात पाठवलेल्या माणसांपैकी मी एक आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण मराठीतील साहित्याच्या अध्यापकांना गावाविषयी लिहिताना डोळे ओलावण्याची एक सवय असते आणि ती मला या लेखापुरती तरी टाळायची आहे.

हद्दवाढीचा कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३ प्रमाणे शहराची हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा. त्यासाठी शासनाने महानगरपालिकेशी विचारविनिमय करावा आणि अधिसूचना आधी प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध करावी, एवढी अट. विचारविनिमय कोणाशी, हे लक्षात घ्यावे. जे वाढणार त्या शहराशी. ज्या गावाची ग्रामपंचायत उद्या विसर्जित व्हायची आहे त्याच्या वाट्याला 'हरकती व सूचना' येतात, म्हणजे कोणाही नागरिकाला पाठवता येईल असा एक अर्ज. ग्रामसभेचा ठराव हा त्या गठ्ठ्यातील आणखी एक कागद. २०२१ च्या २३ गावांची प्रारूप अधिसूचना डिसेंबर २०२० मध्ये निघाली आणि सहा महिन्यांनी ती अंतिम झाली. शहराच्या मुख्य सभेत हद्दवाढीवर मतमतांतरे होतात, पाण्याचा कोटा आणि खर्चाचे आकडे निघतात. ते सर्व 'आम्हांला हे झेपेल काय' ह्या प्रश्नाभोवती असते, आणि तो प्रश्न रास्तही आहे. परंतु 'तुम्हांला हे हवे काय' हा प्रश्न विचारण्याची जागाच त्या व्यवस्थेत आखलेली नाही.

आता जमिनीच्या शब्दांकडे वळते, कारण माझ्या मते खरी हद्दवाढ तिथे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ चे. ते आपण वर्गात समाजरचनेसाठी वाचतो, पण त्यामागे जमिनीचा एक संपूर्ण कोश उभा आहे. गावाच्या वस्तीची जमीन ती पांढरी, कसण्याची ती काळी. त्यापलीकडे जिरायत, बागायत, माळ, पड, गायरान, खाचर, बांध, आणि दोन गावांमधली शीव. प्रत्येक शब्दात जमिनीचा पोत, पाण्याचे अंतर आणि कोणाचा कशावर हक्क, ह्या तिन्ही गोष्टी एकदम सांगितल्या जातात. गायरान म्हटले की ती एकट्याची नव्हे हे निराळे सांगावे लागत नाही.

विकास आराखड्याचा नकाशा ह्या सगळ्यावर दोन-चार रंग फिरवतो. निवासी पिवळा, शेती हिरवी. पुण्याच्या भोवताली गेली तीस-पस्तीस वर्षे जमिनीचे व्यवहार ज्या बोलीत होतात तिच्यात हे रंग नामे होऊन बसले आहेत. 'यलो झालीय का?' एवढ्या तीन शब्दांच्या प्रश्नात एका कुटुंबाची तीन पिढ्यांची आर्थिक स्थिती बदलते. त्याच बांधाच्या पलीकडचा चुलतभाऊ 'ग्रीनमध्ये राहिला', तर तो वर्षानुवर्षे खिडक्यांवर चकरा मारतो. पूर्वी काळी चांगली की पांढरी, असा प्रश्न संभवत नसे, कारण दोन्ही एकाच गावाला लागत. पिवळ्याने हिरव्याला नापास करून टाकले. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्या दिवशी नकाशाने जमिनीची किंमत तिच्या मातीपासून तोडून रंगाला बांधली, त्या दिवशी मातीचे शब्द निरुपयोगी झाले. शब्द मरतात ते असे. कोणी ते विसरत नाही, ते वापरून काही मिळेनासे होते.

ह्यातला एक शब्द मात्र माणसांचे जीव घेऊन गेला. तो म्हणजे 'ओढा'. गावात ओढा असतो, त्याचे वळण, त्याचा पूर, त्याच्या काठची वहिवाट सगळ्यांना ठाऊक असते. गाव शहराच्या कागदावर आले की ओढ्याचा 'नाला' होतो. आता नाला ह्या शब्दाला शहरी मराठीत काय अर्थ आहे हे सांगायला नको. जो झाकावा, वळवावा, भिंत घालून आवळावा आणि ज्याच्याकडे पाठ करून घरे बांधावीत, तो नाला. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आपल्या जुन्या पात्राने वाहू लागला, आणि त्या पात्रात तोवर सोसायट्यांच्या भिंती, वाहने आणि झोपलेली माणसे होती. शब्द बदलल्यामुळे पूर आला असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु ओढ्याला नाला म्हणणाऱ्या नकाशाला त्याचे पात्र अरुंद करताना काही खटकत नाही, एवढे खरे.

विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी साधारण महिनाभराची मुदत मिळते. तशा एका मुदतीत शेजारचे आबा माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही मराठीच्या. अर्ज लिहून द्या," म्हणाले. मुद्दा असा होता की त्यांच्या जांभळीच्या शेतातून एक रस्ता आखला होता आणि तो नेमका विहिरीवरून जात होता. विहीर चार भावकींची. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, त्यांत आबांचे दोन दिवस. खालच्या अंगाची तीन घरे पिण्याला तिच्यावरच अवलंबून. आबांनी हे सांगायला पाऊण तास घेतला. त्यात विहिरीला पाणी लागले ते साल, खणताना मेलेला बैल, पाळीवरून झालेली कोर्टकचेरी आणि मग झालेली समजूत, असे सगळे होते. आणि शेवटी, "रस्ता होऊ द्या की. नको कोण म्हणतंय? फक्त पन्नास पावलं वरनं घ्या म्हणावं. वर मुरूमच आहे."

मी जे लिहिले ते असे: 'विषयांकित गटामधून प्रस्तावित रस्त्याची आखणी करण्यात आली असून सदर आखणीमुळे विद्यमान विहीर बाधित होत आहे. तरी उपरोक्त बाब विचारात घेऊन सदर आखणीचा फेरविचार करण्यात यावा, ही विनंती.' मग गट क्रमांक, हिस्सा, क्षेत्र, सातबाऱ्याची प्रत. वाचून दाखवले. आबा म्हणाले, "झकास झालंय. पण बाई, ह्यात मी कुठं आहे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बावीस वर्षे मी विद्यार्थ्यांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवत आले आहे, आणि एका माणसाचे म्हणणे लिहिताना मी त्यातून कर्ताच काढून टाकला होता. वाईट असे की मी ते त्याच्या भल्यासाठी केले. असे लिहिले तरच ते वाचले जाईल ह्या समजुतीने. शिवाय माझी आणखी एक चूक झाली, ती माझ्या उशिरा ध्यानात आली. कायदा 'हरकती व सूचना' म्हणतो. आबांनी आणली होती ती सूचना. रस्ता कुठून न्यावा, तिथे जमीन कशी आहे, पाणी कसे वाचेल, हे सर्व त्यात होते. नगररचनाकाराला पैसे देऊनही मिळणार नाही अशी ती माहिती होती. मी तिची हरकत केली. आपल्याकडे ह्या जोडशब्दातील दुसरा शब्द जवळजवळ मेला आहे. सगळे 'हरकत घेतात', वर्तमानपत्रे हरकतींचा आकडा छापतात, आणि ज्याला काही सुचवायचे आहे त्यालाही विरोधकाच्या रांगेत उभे राहावे लागते.

आकडा केवढा असतो? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये आठशेहून अधिक गावांचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. मराठीत एखाद्या विषयावर एका वर्षात साठ हजार माणसांनी काही लिहून पाठवावे, ही वाङ्मयीन दृष्टीनेही लहान घटना नव्हे. पुढे २०२५ मध्ये शासनाने तो प्रारूप आराखडाच रद्द केला. तो सदोष असेल तर रद्द होणे योग्यच. त्या साठ हजार कागदांतील जमिनीचे ज्ञान कोठे गेले, हे मात्र विचारण्यासारखे आहे.

इथे प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे, कारण तो दुबळा नाही. गावे शहरात घेऊ नयेत असे म्हणणे सोपे आहे, पण शहर तर आधीच तिथे पोचलेले असते. ग्रामपंचायतीच्या काळात गुंठागुंठ्याचे तुकडे पडून चाळी आणि टोलेजंग इमारती उभ्या राहतात, सांडपाणी थेट ओढ्यात जाते, पाणी टँकरचे असते. आमच्या सोसायटीतील बहुतेकांनी हद्दवाढीचे पेढे वाटले. ग्रामसभेबद्दलही फार हळवे होण्याचे कारण नाही. तिथे कोण बोलते आणि कोण पाठीमागे उभे राहते, हे आपल्या दलित आत्मकथनांनी पुरेसे सांगून ठेवले आहे. आणि महानगरपालिकेने काही चांगले केलेच नाही असेही नाही. १९९७ च्या गावांमधील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा आग्रह ह्याच शहरात धरला गेला. त्याचा निर्णय शासनदरबारी २०१५ पर्यंत रखडला आणि मोबदल्याचा वाद तर त्यानंतरही मिटला नाही, तरी ग्रामपंचायतीच्या हाती असत्या तर त्या टेकड्या किती उरल्या असत्या?

दुसऱ्या टोकाला कोल्हापूर आहे. तिथे १९७२ मध्ये महानगरपालिका झाली आणि अर्धे शतक उलटले तरी हद्द होती तेवढीच राहिली, कारण भोवतीच्या गावांनी दर वेळी बंद पाळून, मोर्चे काढून प्रस्ताव परतवला. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमून शासनाने मधला मार्ग काढला. त्याने शहर आणि गावे दोन्ही समाधानी झाली नाहीत. तेव्हा नकार हेही उत्तर पुरेसे नाही.

माझा आक्षेप हद्दवाढीला नाही, तिच्या क्रमाला आहे. २०२१ च्या २३ गावांचे काय झाले पाहा. ग्रामपंचायती गेल्या. आठ महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे सुमारे साडेचार वर्षे ह्या गावांना सरपंचही नव्हता आणि स्वतः निवडलेला नगरसेवकही नव्हता. मिळकतकर महानगरपालिकेचा, तर समावेशानंतर पंधरवड्याच्या आत आराखड्याचा अधिकार वेगळ्या प्राधिकरणाकडे दिला गेला. ज्याला कर द्यायचा त्याला नकाशाबद्दल विचारता येत नाही, आणि नकाशावाल्याला कोणी निवडून दिलेले नाही. त्या काळात ह्या गावांतील माणसाला सार्वजनिक बोलण्यासाठी उरलेले एकमेव साधन म्हणजे तो अर्ज, 'विषयांकित' आणि 'सदर' असलेला. अर्जाच्या भाषेबद्दल मी एवढी का बोलते आहे, ते यावरून ध्यानात यावे.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ह्या दोन गावांनी तर उलटी वाट धरली. शहराचा कचरा त्यांच्या शिवारात कित्येक वर्षे आधीच येऊन पडत होता. ती गावे स्वतः शहरात आली २०१७ मध्ये. पाणी आणि रस्त्यांआधी मोठ्या कराची बिले पोचली अशी तक्रार झाली आणि २०२४ मध्ये ती बाहेर पडून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्यांनी बाहेर पडताना मागितले ते मुख्यतः स्वतःचे सभागृह, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

मराठी साहित्याने ह्या माणसाकडे पाहिले आहे काय? धरणाखाली गेलेल्याला आपण 'धरणग्रस्त' हे नाव दिले. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो माणूस अभ्यासक्रमात आला. प्रकल्पग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, ह्या सर्वांना नावे आहेत आणि नावामुळे काही हक्कही आहेत. शहराखाली गेलेल्याला नाव नाही. तो 'ग्रस्त' म्हणण्याइतका केविलवाणाही नाही, कारण कधी कधी त्याच्याकडे चार गाड्या असतात. पैसा मिळालेल्या माणसाचे नुकसान कसे लिहावे हे आपल्या ग्रामीण कथेला उमगलेले नाही. आणि ज्याच्याकडे मुळात जमीनच नव्हती, तो वाटेकरी, सालगडी, गायरानावर शेळ्या चारणारी बाई, त्यांना तर रंगही मिळाला नाही, पिवळा ना हिरवा.

अपवाद आठवतो तो वसईचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचे आंदोलन उभे केले, तेव्हा 'सुवार्ता'चे संपादक, ललित लेखक आणि बावखले-वाड्यांची भाषा जाणणारा माणूस एकाच देहात होते. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हाही तिथली गावे सुखासुखी आत गेली नाहीत. २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपण दिब्रिटोंना ओळखतो, बायबलच्या अनुवादासाठीही ओळखतो. नकाशाशी भांडणारे लेखक म्हणून त्यांचा विचार आपल्या चर्चासत्रांत अभावानेच झाला.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. गावातून निवडून आलेला माणूस सभागृहात पोचेपर्यंत ग्रामपंचायत विसर्जित करू नये. मुदती जुळत नसतील तर अधिसूचना थांबावी, लोकांनी थांबू नये. कर आणि आराखडा एकाच्याच हाती असावा. महाराष्ट्राने २००९ मध्ये शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली आणि ती बहुतांशी कागदावरच राहिली. समाविष्ट गावाच्या ग्रामसभेला सरळ क्षेत्रसभेचा दर्जा दिला तर ती कागदावरून उतरेल. नकाशावर ओढ्याला ओढा म्हणावे, आणि शेतांची चालती नावे गट क्रमांकाशेजारी छापावीत. हे शेवटचे अनेकांना हळवेपणाचे वाटेल. पण आबांना नकाशात त्यांचे शेत शोधायला दोन दिवस आणि माझा मुलगा लागला होता. 'जांभळीचं' असे छापले असते तर त्यांनी ते पाच मिनिटांत बोटाने दाखवले असते, आणि ज्याला महिनाभराची मुदत आहे त्याला दोन दिवस म्हणजे थोडे नव्हेत.

आबांचा अर्ज मी पुन्हा लिहिला. 'मी' ने सुरू केला. विहिरीच्या पाळ्या लिहिल्या, खालची तीन घरे लिहिली, वरचा मुरूम लिहिला. बैल वगळला, त्याबद्दल आबा थोडे नाराज झाले. वर ठळक अक्षरात 'सूचना' असे लिहिले. दोन पाने झाली. रस्त्याचे पुढे काय होईल ते ठरायचे आहे.

आमच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्जलेखन असते. इतकी वर्षे मी ग्रंथालयातील हरवलेल्या पुस्तकाबद्दलचा किंवा एसटीच्या थांब्याबद्दलचा अर्ज लिहायला सांगत असे. ह्या सत्रात प्रारूप आराखड्याचे एक पान वाटले आणि आपापल्या घराजवळच्या एका गोष्टीबद्दल सूचना लिहायला सांगितले. चौतीस जणांपैकी एकतीस जणांनी पहिले वाक्य 'विषयांकित' किंवा 'उपरोक्त' ने सुरू केले. उरलेल्या तिघांचे अर्ज मी वर्गात वाचून दाखवले. त्यांतील एका मुलीने आपल्या वस्तीमागच्या ओढ्याचे नाव लिहिले होते. ते तिच्या शेजारी बसणाऱ्या, त्याच वस्तीतील मुलाला ठाऊक नव्हते.